भंडाऱ्याची पांढरी राख

लोक राख घेऊन काशीला जातात. आम्ही राख आणायला भंडाऱ्याला गेलो. पुण्यात सोसायटीच्या जिन्यात हे सांगितलं, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आधी हात जोडले आणि मग विचारलं, "कोण गेलं?"

कुणी गेलं नव्हतं. घरघर लागली होती ती माझ्या बायकोच्या शोधनिबंधाला.

माझी बायको वसुधा कॉलेजात मटेरियल सायन्स शिकवते. म्हणजे एखादी वस्तू कशाची बनली आहे आणि ती सुधारता येईल का, याचा अभ्यास. लग्नानंतरची पहिली काही वर्षं तिने तो माझ्यावरही करून पाहिला आणि मग नाद सोडला. मी शाळेत भूगोल शिकवायचो, आता निवृत्त आहे. तीही येत्या उन्हाळ्यात निवृत्त होते आहे, आणि त्याच दिवशी तिची प्रयोगशाळा दुसऱ्याच्या ताब्यात जाणार. त्याआधी आपल्या नावावर राहील असं एक काम व्हावं, एवढीच तिची इच्छा होती. ते काम म्हणजे ही राख.

भातगिरणीत तांदूळ निघाला की तूस उरतं. तूस जाळलं की राख उरते आणि त्या राखेत सिलिका असते. वाळूत आणि काचेत असते तीच. ती शुद्ध मिळाली तर तिचे नाना उपयोग. पण राख निघते काळी, मळकट. तुसातलं पोटॅशियम कोळशाला आत कोंडून धरतं आणि तो धड जळत नाही. पांढरी राख हवी तर तूस आधी आम्लात धुऊन घ्यावं लागतं. यात नवीन काही नाही. जेवताना ऐकून ऐकून मलाही ते पाठ झालं आहे.

आणि मागच्या वर्षी भंडाऱ्याहून एक पिशवी आली. वसुधाचे जुने विद्यार्थी मेश्राम तिथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. त्यांनी जिल्ह्यातल्या सिहोरा गावच्या गिरणीतली म्हणून ती राख पाठवली होती. न धुता, काही न करता, पांढरी शुभ्र. शिवाय तिच्यात तांब्याचा आणि जस्ताचा अंश.

हे असं का, या प्रश्नाबरोबर आमच्या संसारात तिसरा शिरला. एआय. वसुधा त्याला 'सहविचारी' म्हणते. पूर्वी ती विचार करताना खोलीत येरझाऱ्या घालायची, माझ्यावर खेकसायची. आता शांतपणे टाइप करते. त्याच्या प्रत्येक उत्तराची सुरुवात "फारच मार्मिक प्रश्न!" अशी होते. एवढ्या वर्षांत मी तिच्या एकाही प्रश्नाला मार्मिक म्हटलेलं नाही, त्यामुळे मी सामना सुरू होण्याआधीच हरलो होतो. दोघांनी मिळून सिद्धांत उभा केला. भंडाऱ्यात जुने तलाव. तलावांत टेकड्यांवरून वाहून आलेलं मँगनीज. त्या पाण्यावर वाढलेलं धान. मँगनीजमुळे रोपाने पोटॅशियम कमी उचललं, जमिनीतलं तांबं आणि जस्त मात्र उचललं. म्हणून हे तूस जन्मतःच धुतलेलं. इतकं सगळं मी फक्त पत्रिकेत जुळलेलं पाहिलं आहे, आणि अशा जुळलेल्या पत्रिकांची लग्नंही पाहिली आहेत. पण मला विचारतो कोण?

निबंध एका मोठ्या नियतकालिकाकडे गेला. दोन परीक्षकांनी इतकी गोडगोड स्तुती केली की तीही कुठल्यातरी सहविचाऱ्यानेच लिहिली असावी. तिसऱ्याने दोनच ओळी लिहिल्या: नमुना पुन्हा घ्या, स्वतः जाऊन घ्या, तसाच निघाला नाही तर निबंध मागे घ्या. उद्धट होता, म्हणजे नक्की माणूस. दरम्यान मेश्रामांकडून मागवलेली दुसरी पिशवी आली ती काळीकुट्ट. वसुधाचा चेहराही तसाच झाला. मग ती आणि मी निघालो. फोनमधून तोही आलाच.

भंडारा

नागपूर स्टेशनवर मेश्राम सर गाडी घेऊन हजर. मॅडमच्या पाया पडले, मला मिठी मारली आणि बॅगा हिसकावून घेतल्या.

"मॅडम, तुमच्यामुळे भंडारा जगाच्या नकाशावर आला जी," ते म्हणाले.

"अजून यायचाय," वसुधा म्हणाली. "दुसरी पिशवी काळी का आली?"

"येते ना मॅडम, कधी कधी येते काळी. तुमी कायले टेन्शन घेऊन राहिल्या? उद्या जाऊ सिहोऱ्याले, पाहून घेऊ."

घरी पोचलो तर पुढच्या खोलीत फ्लेक्स गुंडाळून ठेवलेला. मेश्राम सरांनी हौसेने उलगडून दाखवला. 'भंडाऱ्याची राख जगाच्या नकाशावर', खाली वसुधाचा दहा वर्षांपूर्वीचा फोटो, मागे पृथ्वीचा गोल आणि गोलातून निघणारा धूर. परवा सकाळी कॉलेजात व्याख्यान आणि सत्कार ठरला होता. मी भूगोलाचा माणूस. नकाशात रेल्वेची खूण माहीत आहे, धरणाची माहीत आहे, राखेची खूण मला ठाऊक नव्हती. मी तसं बोललो. वसुधाने डोळे वटारले. मेश्राम सर मात्र मनापासून हसले आणि "सरांचा जोक गजबच," म्हणाले.

या भागात पाहुण्याच्या विनोदालाही नाही म्हणत नाहीत, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

शीलाताईंनी, म्हणजे मेश्राम सरांच्या पत्नीने, पातोडीचा रस्सा केला होता. बेसनाच्या वड्या आणि वर लालभडक तर्री. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्याला नाकातून, आणि तिसऱ्यानंतर मी वाटी पुढे केली. सोबत सुक्या झिंग्यांची चटणी आणि मऊ, वाफाळता भात. आमच्याकडे "आणखी वाढू का?" असं विचारतात तेव्हा पातेल्यावर झाकण पडलेलं असतं. इथे विचारतच नाहीत. "घ्या जी, काहीच नाही जेवले तुमी," म्हणत शीलाताई वाढत राहिल्या आणि मी शरण गेलो. वसुधा एका हाताने जेवत होती आणि दुसऱ्या हाताने तिसऱ्याशी बोलत होती. दुसरी राख काळी का आली, याची त्याने एक सोडून पाच कारणं दिली होती. पाचही मार्मिक होती.

सिहोरा

तुमसरवरून पुढे जाताना दोन्ही बाजूंना कापणी झालेली बांधांची शेतं. कापलेलं धान रचून ठेवलेलं, त्या ढिगांना इकडे पुंजणे म्हणतात. मधेच एखादा तलाव, त्यात कंबरभर पाण्यात शिंगाडे काढणारी माणसं. थंडीचं कोवळं ऊन होतं. मला तिथेच उतरून बसावंसं वाटलं. वसुधाने मात्र प्रत्येक तलावाचा फोटो काढून सहविचाऱ्याला पाठवला. एकदा चुकून शिंगाडेवाल्या बाईचाच गेला, तेव्हा त्याने पाण्यातल्या मँगनीजचं निदर्शक म्हणून तिच्या साडीच्या तांबूस काठाकडे लक्ष वेधलं.

गिरणीचे मालक रहांगडाले दारातच उभे होते. पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, चेहऱ्यावर लग्नघरातला आनंद. आधी घरी नेऊन चिन्नोर तांदळाचा भात, तूप आणि लाखोळीच्या डाळीचं वरण जेवू घातलं. भाताचा वास अंगणापर्यंत येत होता. राख त्यानंतर.

गिरणीमागे राखेचा ढीग होता. काळा. आमच्या पायांखाली काळा, वाऱ्यावर काळा आणि थोड्याच वेळात माझ्या पांढऱ्या पँटवर काळा.

"ही नेहमी अशीच निघते?" वसुधाने विचारलं.

रहांगडाल्यांनी तिच्याकडे पाहिलं, मेश्रामांकडे पाहिलं. पुण्याहून आलेल्या बाईला काय ऐकायचं आहे, याचा अंदाज घेतला. "नाही जी, पांढरीबी निघते ना कधी कधी."

"तलावाच्या पाण्यावरचं धान असलं तर?"

"हो जी, तलावाचंच."

"गाळाच्या जमिनीतलं?"

"हो हो, गाळाचंच धान. बराबर वळखलं तुमी."

वसुधाचे डोळे चमकले. ती भराभर टाइप करू लागली. मला राहवलं नाही. मी पुढे झालो. "आणि रहांगडालेभाऊ, चंद्रग्रहणात कापलेलं धान असलं तर राख आणखी पांढरी निघते ना?"

रहांगडाल्यांनी क्षणभर विचार केला. पाहुण्याला तोंडावर पाडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "निघते जी," ते म्हणाले. "आमचे बुढे सांगत होते तसं."

मी वसुधाकडे विजयाने पाहिलं. तिने मलाच झापलं. "ते तुमचा मान राखताहेत. एवढंही कळत नाही?"

"आणि तुझा?"

 मी तिच्या हातातला फोन घेतला आणि ग्रहणाचं त्यालाही विचारलं. त्याने लिहिलं की शक्यता कमी आहे, पण स्थानिक पारंपरिक ज्ञान म्हणून हा धागा रोचक आहे आणि तक्ता करून हवा असेल तर सांगा. रहांगडाल्यांनी निदान तक्त्याचं विचारलं नव्हतं. शिवाय त्यांनी भात खाऊ घातला होता.

काळ्या राखेची पिशवी भरून आम्ही परत निघालो.  गाडीत वसुधाचा फोन पर्समध्येच राहिला.

भंडारा, दुसरी सकाळ

वसुधा सकाळी भाषणाची तयारी करत बसली आणि मी गल्लीत फिरायला निघालो. मेश्राम सरांच्या भिंतीला लागूनच पितळेच्या भांड्यांचा छोटा कारखाना आहे. गुंड, गंगाळ, परात. ठोकण्याचा आवाज आल्या दिवसापासून ऐकत होतो. आत डोकावलो तर एक कारागीर घडवलेली भांडी तेजाबाच्या, म्हणजे आम्लाच्या, टाकीत बुडवून काढत होता आणि चकचकीत झालेली ओली भांडी तुसाच्या ढिगात घोळवून कोरडी करत होता. अंगणात वापरलेल्या तुसाचा जुना ढीग होता. पावसाळाभर तो तिथेच भिजतो आणि वाळला की भट्टीत जातो, असं कारागिराने सांगितलं. भट्टीच्या तोंडाशी राख पडली होती.

पांढरी शुभ्र.

"ही अशी पांढरी कशी हो?" मी विचारलं.

"भट्टीले देवीचा अंगारा लावतो ना आमी," तो म्हणाला आणि पुढचं भांडं बुडवलं.

मी आयुष्यभर फळ्यावर लिहीत आलो: भंडारा जिल्हा, भात, मँगनीज आणि पितळेची भांडी. एका गुणाचं उत्तर. माझी बायको आणि तिचा सहविचारी, दोघांनी मिळून भात घेतला, मँगनीज घेतलं आणि पितळ ऑप्शनला टाकलं. पितळ म्हणजे काय? तांबं आणि जस्त.

मूठभर राख रुमालात बांधून मी जवळजवळ धावतच परतलो. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. मेश्राम सर ओसरीवर फ्लेक्सच्या दोऱ्या कापत होते. त्यांच्यापुढे मी रुमाल सोडला.

"हो ना, हेच तं पाठवली होती मॅडमले," ते सहज म्हणाले.

आतून वसुधा बाहेर आली. "काय पाठवली होती?"

"पहिली पिशवी मॅडम. सिहोऱ्याले गेलो तं राख गजब काळी निघाली. आता तुमी माह्या गुरू. माह्या गावाहून तुमच्याकडे पहिल्यांदा काही चाललं, आन् थे असं काळंकुट्ट? शीला म्हने, लोक काय म्हनतीन. शेजारी पांढरी होती, तेबी तुसाचीच. मंग थेच धाडलो. दुसऱ्या खेपेले शेजारची भट्टी बंद होती."  वसुधाचा चेहरा बघून त्यांच्या हातातली कात्री खाली आली. "राख राखच असते ना, मॅडम?"

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने नमुना आहेरासारखा निवडून पाठवला होता. पाहुण्याला फुटका नारळ देत नाहीत, तसं. याला फसवणूक म्हणणं माझ्या जिभेवर येईना. पहिल्या दिवशी वाढलेला तो रस्साच जणू पिशवीत भरून पुण्याला आला होता.

वसुधा खुर्चीत बसली आणि तिने टाइप केलं. मी मागून वाचत होतो. त्याने लगेच उत्तर दिलं, तेही अगदी बरोबर. तेजाबाने तुसातलं पोटॅशियम सोडवलं, पावसाने ते धुऊन नेलं, तांबं आणि जस्त पितळेतून आलं. ही आम्लाने धुण्याची जुनीच पद्धत आहे, निबंधाचा निष्कर्ष टिकत नाही. 'ही अत्यंत मोलाची माहिती आहे!' असंही लिहिलं होतं. ज्या सिद्धांतासाठी तो वर्षभर तिच्या खांद्याला खांदा लावून लढला, तो त्याने कात टाकावी तसा टाकला. शेवटी विचारलं: माघारीचं पत्र तयार करू का? औपचारिक हवं, थोडक्यात हवं, की भावपूर्ण?

वसुधा वर वर सरकत पहिल्या दिवसाच्या संभाषणापर्यंत गेली. तिथे त्याने विचारलं होतं, नमुना घेताना कोण हजर होतं? तिने लिहिलं होतं, माझा विद्यार्थी, अत्यंत विश्वासू. त्याने लिहिलं होतं, उत्तम, मग पुढे जाऊ. पुन्हा तो प्रश्न त्यानेही काढला नाही आणि हिनेही नाही. दोघांनाही तलाव आवडले होते.

"पत्र मी लिहीन," ती म्हणाली आणि फोन पालथा ठेवला.

मेश्राम सर तिच्या खुर्चीशी उकिडवे बसले होते. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. "मॅडम, शेजारची आजून पोतंभर आहे. सिहोऱ्याची म्हनून घेऊन जा ना. कोनाले मालूम पडते? कॉलेजात आज सगळे येऊन राहिले. तुमचं नाव..."

खरं सांगतो, क्षणभर मलाही वाटलं, घ्यावं पोतं. एवढा वेळ मी तिच्या त्या सिद्धांताची टिंगल करत होतो आणि तो पडला तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. घरात ती टाइप करायची तेव्हा दिसणारा उत्साह मी वर्षानुवर्षं पाहिला नव्हता. मी कुढत होतो ते त्या उत्साहावरच.

"मेश्राम," वसुधा म्हणाली, तीस पोरांच्या वर्गात म्हणावं तशी, "उठा. उशीर होतोय."

सभागृह

कॉलेजचं सभागृह खच्चून भरलं होतं. मुलं, प्राध्यापक, गावातले प्रतिष्ठित आणि पहिल्या रांगेत सिहोऱ्याहून मुद्दाम आलेले रहांगडाले. सूत्रसंचालन करणाऱ्या प्राध्यापकांना प्रत्येक वाक्यानंतर "एकदा जोरदार टाळ्या" मागायची सवय होती. दीपप्रज्वलनाला टाळ्या, शालीला टाळ्या, श्रीफळाला टाळ्या. माईक बंद पडला त्यालाही टाळ्या. प्राचार्यांनी 'पदार्थविज्ञानाच्या क्षितिजावर भंडाऱ्याचा सूर्योदय' अशी सुरुवात केली. हे वाक्य कुणी लिहिलं असेल ते मी आवाजावरून ओळखलं. माणसाला क्षितिज इतक्या लवकर सुचत नाही.

वसुधा उभी राहिली. शाल खांद्यावरच होती. तिने काहीही उगाळलं नाही, एवढंच सांगितलं: पांढरी राख सिहोऱ्याची नव्हती, पितळेच्या कारखान्यातली होती. मी स्वतः येऊन पाहायला हवं होतं, पाहिलं नाही. मशीनशी बोलत बसले, कारण ते माझं ऐकत होतं. निबंध मागे घेते आहे.

 मग सूत्रसंचालक सावरले. "मॅडमच्या या परखड विचारांसाठी एकदा जोरदार टाळ्या!" आणि टाळ्या पडल्या.

आभार मेश्राम सरांकडे होते. ते छापील कागद घेऊन आले आणि वाचू लागले: "मॅडमच्या क्रांतिकारी संशोधनाने आपल्या जिल्ह्याची राख..." तिथे ते अडले. कागदाची घडी करून त्यांनी खिशात टाकला. "चूक माही आहे," ते आपल्याच प्राचार्यांसमोर, आपल्याच विद्यार्थ्यांसमोर म्हणाले. "सँपल म्या बदलवलो. मॅडमनं माहं नाव नाही घेतलं, म्हनून मी घेऊन राहिलो."  टाळ्या पडल्या.

रहांगडाले उठून उभे राहिले. त्यांच्याकडे माईक नव्हता, गरजही नव्हती. "म्हंजे आमची राख काळीच म्हना, मॅडम?"

"काळीच, भाऊ."

"तरी मले वाटतच होतं," ते म्हणाले. सभागृह हसलं आणि टाळ्या पडल्या. रहांगडाले मात्र बसले नाहीत. काहीतरी अजून विचारायचं होतं आणि कसं विचारावं ते कळत नव्हतं. "पन मॅडम, मेश्राम सर सांगत होते, तुमी आता रिटायर होऊन राहिल्या. त्याच्या आदी दुसरं काही होऊन जाईन ना तुमचं? टाइम आहे ना?"

इथल्या रीतीप्रमाणे उत्तर सोपं होतं. होईल ना जी. सगळं सभागृह तेच ऐकायला कान देऊन बसलं होतं.

"नाही," वसुधा म्हणाली.

सूत्रसंचालकांनी माईक तोंडाशी नेला होता. तो तसाच राहिला. सकाळपासून त्या सभागृहात प्रत्येक वाक्याला टाळी पडली होती. या वाक्याला कुणीही वाजवली नाही.